परतीची रांग

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख फुटली की आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात लोक आधी रेल्वेच्या तिकिटांमागे धावतात. मग कोणाला तरी एस.टी.ची आठवण येते आणि डेपोतला फोन वाजायला लागतो. "कंट्रोलरानु, आमच्या गावातसून जादा गाडी सोडतलास मां?" हा फोन बहुतेक वेळा सरपंचाचा असतो, आणि त्याला हवं असलेलं उत्तर एकच असतं.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. आता निवृत्त आहे, तरी बाजारात लोक अजून कंट्रोलर म्हणूनच हाक मारतात. जत्रेवर लिहिणारे देवीच्या नवसावर लिहितात, आलेल्या पुढाऱ्यांवर लिहितात, खाजाच्या मिठाईच्या दुकानांवर लिहितात. गाड्यांवर सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हा उपद्व्याप.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आंगणेवाडी हे गाव नव्हे, मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची वाडी आहे. तिथे भराडी देवी. वाडीतली मंडळी आंगणे आडनावाची, आणि जत्रेचे यजमान तेच. वर्षातून एकदा दीड दिवसाची जत्रा भरते. पहिला दिवस मुख्य, दुसरा मोडजत्रेचा. एरवी त्या माळावर दुपारी एखादं जनावर चरताना दिसेल, आणि त्या दीड दिवसात तिथे लाखांनी माणूस उतरतो.

ही जत्रा तिथीवर नाही. शिवरात्र कधी आहे ते कालनिर्णय उघडून महिनोन्महिने आधी सांगता येतं. आंगणेवाडीचं तसं नाही. देवीला कौल लावायचा, पारधीची, म्हणजे शिकारीची प्रथा पाळायची, आणि मग ग्रामस्थ तारीख जाहीर करणार. २०१८ साली जत्रा २७ जानेवारीला होती, २०२३ ला ४ फेब्रुवारीला, २०२४ ला थेट २ मार्चला. म्हणजे महिनाभराचा हेलकावा. कलेक्टरसाहेबांची नियोजनाची बैठक असो की आमच्या डेपोचा ड्युटी चार्ट, देवीने सांगितल्याशिवाय पान हलत नाही. नव्याने बदलून आलेल्या घाटावरच्या एका साहेबांना हे पटतच नव्हतं. "अंदाजे तरी तारीख सांगा ना," म्हणून ते दोन आठवडे आमच्या मागे होते. (आता सांगितलेल्या या तिन्ही तारखा शनिवारच्या आहेत. देवी चाकरमान्यांच्या रजेचा विचार करते, असं आमच्याकडे म्हणतात. मी नुसतं कॅलेंडर बघून सांगतो.)

या हेलकाव्याचा आम्हाला बसणारा फटका कुठे बसतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही. तो कुळथात बसतो.

भात कापून झालं की आमच्याकडे बरेच शेतकरी त्याच ओलीवर कुळीथ टाकतात, चवळी टाकतात. जत्रा जानेवारीअखेर आली तर कुळीथ अजून शेतात उभा. मग गाड्या लावायच्या कुठे? मार्चात आली तर कुणगे (भातशेताचे तुकडे) मोकळे, हवी तेवढी जागा. जागा ठरवायला गेलो की मी आधी पायाखालचं पीक बघायचो आणि मग रस्ता. शेतकऱ्याशी बोलणीही ठरलेली: गाडी आत घ्यायला एखादी मेर, म्हणजे शेताचा बांध, फोडावी लागली तर ती पावसाआधी बांधून द्यायची. हे कुठल्या कागदावर नसायचं. तोंडी असायचं आणि पाळलं जायचं, कारण पुढच्या वर्षी त्याच्याच दारात जायचं असायचं.

दुसरी अडचण परीक्षांची. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीचा मोसम. २०२५ साली दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला आणि जत्रा लगेच दुसऱ्या दिवशी, २२ ला. जत्रेला गाड्या हव्यात म्हणून गावाकडची सकाळची फेरी उचलली आणि त्या फेरीने जाणारं एक पोर पेपरला चुकलं, तर त्याला तोंड कोण दाखवणार? जत्रेच्या चार्टमध्ये मी आधी परीक्षेच्या फेऱ्यांवर लाल खूण करायचो. त्या गाड्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या गाड्यांत देवीचं काम भागवायचं, आणि कमी पडल्या तर बाहेरच्या डेपोंतून मागवायच्या. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांना आमचे रस्ते ठाऊक नसतात. त्यांना पहिल्या फेरीला आपला एक माणूस शेजारी बसवून द्यावा लागतो.

आता मुद्द्यावर येतो. देवळातली गर्दी आंगणे मंडळी सांभाळतात, आणि फार चांगली सांभाळतात. बांबू आणि पत्रे लावून दर्शनाच्या अनेक रांगा एकाच वेळी चालवतात. ओटी भरणाऱ्या बायकांची सोय वेगळी, म्हाताऱ्याकोताऱ्यांची वेगळी. पहाटे तीनला दर्शन सुरू होतं आणि माणूस सरकत राहतो. स्वयंसेवक म्हणून उभी असलेली पोरं मुंबईत बँकेत, बंदरात, बेस्टमध्ये नोकरी करणारी, खास रजा टाकून आलेली. "ओळीत रवा गे, ढकलू नकात," एवढंच दिवसभर सांगून त्यांचा आवाज बसतो. स्वतःचं दर्शन त्यांना कधी मिळतं कोण जाणे.

पण गर्दीचं खरं दुखणं देवळात नाही, परतीत आहे, हे मी इतकी वर्षं बैठकांतून सांगत आलो. येणारा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत विखरून येतो. कोणी कोकणकन्येने सकाळी कणकवलीला उतरून, कोणी दुपारी जेवून, कोणी कामावरून सुटून. परतणारा मात्र एका वेळेला परततो. देवदर्शनाला माणूस चार तास उभा राहील आणि वर समाधान मानेल. दर्शन झाल्यावर घरी जायला त्याला अर्धा तास थांबवून बघा. ज्या तोंडाने गाऱ्हाणं घातलं त्याच तोंडाने तो कंट्रोलरच्या सात पिढ्या काढतो.

याचा हिशोब अगदी साधा आहे, तिसरीतल्या पोराला सांगितला तरी कळेल. धरून चाला की कणकवलीच्या बाजूला ३० गाड्या आहेत आणि एका गाडीला जाऊन-येऊन २ तास लागतात. म्हणजे तासाला १५ गाड्या सुटणार, आणि गाडीत ४४ माणसं बसली तर तासाला ६६० माणसं घरी जाणार. आता रस्त्याच्या कडेला लोकांनी आपल्या मोटारी लावल्या, समोरासमोर आलेल्या दोन एस.टीं.ना साईड द्यायला जागा उरली नाही, आणि तीच फेरी ३ तासांची झाली. गाड्या तेवढ्याच, ड्रायव्हर तेच, डिझेल तेवढंच. पण तासाला १० गाड्या, म्हणजे ४४० माणसं. उरलेली सव्वादोनशे स्टँडवर थांबली. पुढच्या तासाला आणखी सव्वादोनशे. तीन तासांत साडेसहाशेच्या वर माणूस शेतात उभा, त्यांत कडेवर पोरं घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांचा डोळा एकाच गाडीच्या दारावर. चेंगराचेंगरीची तयारी अशी होते. जादा गाड्या द्या म्हणून ओरडणाऱ्याला हे समजावून सांगता सांगता पुरेवाट व्हायची. ३० च्या जागी ४५ गाड्या टाकल्या तर त्याच अरुंद रस्त्यावर आणखी १५ गाड्या अडकतील, एवढंच होईल. गाडी वाढवण्यापेक्षा फेरीची वेळ कमी करा, म्हणजे रस्त्यावरची मोटार उचला.

मांढरदेवीची आठवण इथे काढायलाच हवी. २५ जानेवारी २००५, काळूबाईची जत्रा, सातारा जिल्ह्यात वाईजवळ. जवळजवळ तीनशे माणसं गेली. देवळाकडे जाणाऱ्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि त्यातच लागलेली आग. त्याआधी जत्रेच्या बैठका म्हणजे चहा-बिस्किटांच्या असायच्या. त्यानंतर बैठकीला नकाशा आला, अग्निशमनाच्या गाडीची जागा ठरू लागली, रुग्णवाहिका बाहेर कुठून पडणार हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आमच्याकडे देऊळ माळावर आहे, डोंगराच्या पायऱ्या नाहीत, हे नशीब. पण दुकानांच्या मधली वाट इथेही एक-एक फुटाने अरुंद होतच असते. सकाळी आखून दिलेल्या चुन्याच्या रेघेच्या आत असलेला खाजावाला संध्याकाळपर्यंत रेघेच्या बाहेर येतो. त्याला आत ढकलायचं आणि तासाभराने पुन्हा ढकलायचं.

तात्पुरता स्टँड कसा असतो ते सांगतो. तीन दिशांना तीन स्टँड: मालवणकडच्या गाड्यांचा एक, कणकवलीकडच्यांचा एक, मसुऱ्याकडचा एक. गाडी ज्या बाजूने आली त्या बाजूलाच वळणार, देवळासमोरून आरपार जाणार नाही. लोकांना हे आवडत नाही, कारण मग चालावं लागतं. पण ते चालणं आम्हाला हवं असतं. देवळातून एकदम सुटलेला घोळका चालताना लांबतो, खाजासाठी थांबतो, कलिंगडाची फाक खातो, पोराला पिपाणी घेऊन देतो, आणि स्टँडवर पोचेपर्यंत त्याची माळ झालेली असते. बैठकीत एकाने स्टँड देवळाच्या जवळ आणायची सूचना केली होती. मी म्हटलं, साहेब, जवळ आणू नका, हवा तर आणखी थोडा लांब न्या.

स्टँडवर नियम एक. गाडी मागे घ्यायची नाही. ज्या तोंडाने आत आली त्या तोंडाने बाहेर जायची नाही. शेतात गोल वाट आखायची, आत एका बाजूने, बाहेर दुसऱ्या बाजूने. रात्रीच्या अंधारात, धुरळ्यात, माणसांच्या गराड्यात मागे सरकणारी एस.टी. म्हणजे यमाची स्वारी. कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारत असला तरी मधल्या माणसाला ती थाप कळत नाही. त्याला वाटतं, गाडी लागली, आणि तो दाराकडे धावतो. एका तरुण ड्रायव्हरने जागा कमी पडतेय म्हणून गाडी मागे घ्यायला गिअर टाकला, तेव्हा मी त्याच्या खिडकीवर हातातलं रजिस्टर आपटलं होतं. तो आजही भेटला की म्हणतो, "काका, मी गाडी पुढेच नेतंय हां."

वेळापत्रक नसतं. गाडी भरली की सोडायची. तिकीट खालीच कापायचं, रांगेतच, म्हणजे दारात खोळंबा होत नाही. पूर्वी कंडक्टरच्या काखेत तिकिटांचा ट्रे असायचा आणि कानाला पंचचा टकटकाट. हाताला सवय असलेला कंडक्टर गाडीभर तिकिटं चहा निवण्याआधी कापायचा. मशीन आलं आणि हिशोब सोपा झाला. पण जत्रेत मशीनची बॅटरी रात्री दहाला मान टाकते. चार्जिंगची सोय म्हणून मंडपात वायर ओढून घ्यायची, हे आम्ही एका वर्षाच्या अनुभवातून शिकलो.

माझं सगळ्यात मोठं काम मात्र रात्री असायचं, ताटं लागतात त्या वेळी.

आंगणे घराण्यातल्या बायका त्या दिवशी उपास धरून प्रसाद रांधतात. रांधताना बोलायचं नाही. घराघरांत चुली पेटलेल्या आणि एकाही घरातून शब्द बाहेर नाही, असं ते काम. मग ताटं देवळात येतात, देवीला नैवेद्य दाखवला जातो. त्या वेळात ओट्या भरणं थांबतं, दर्शनाच्या रांगा जागच्या जागी उभ्या राहतात. विधी आटपला की पुन्हा सुरू. भाविकाच्या दृष्टीने तो जत्रेचा गाभा. स्टँडच्या दृष्टीने बघा काय होतं. नऊच्या सुमाराला रांग थांबली की मागे असलेला माणूस विचारात पडतो: थांबू की उद्या येऊ? त्यांतले बरेच जण उठतात आणि गाडीकडे येतात. हा पहिला लोंढा. त्यानंतर मधे तास-दोन तास स्टँड मोकळा. नवीन कंट्रोलर असला तर त्याला वाटतं, चला, जत्रा आवरली, आणि तो ड्रायव्हरांना जेवायला नाहीतर मुक्कामाच्या जागी पाठवून देतो. मध्यरात्रीनंतर प्रसाद घेतलेली माणसं बाहेर पडतात, आणि तो लोंढा पहिल्याच्या कैक पट. म्हणून मधल्या वेळात गाड्या भरून उभ्या ठेवायच्या: डिझेलने भरलेल्या, ड्रायव्हरने भरलेल्या. माणसं नसली तरी. जेवण ड्रायव्हरांपाशी आणून द्यायचं. देवळाजवळ उभ्या केलेल्या आपल्या माणसाने निरोप दिला की पहिली गाडी दाराला लावायची.

निरोप द्यायचा कसा, तेही सांगायला हवं. एवढी माणसं एका माळावर आली की मोबाईल लागत नाही. लागला तर आवाज तुटतो. मोबाईलचे फिरते टॉवर आणतात, तरी रात्री तीच गत. आमचा अनुभव असा की बोलणं होत नाही तेव्हाही साधा मेसेज जातो. म्हणून आमचे निरोप दोन शब्दांचे असायचे. "ताटं झाली." "रांग सुटली." एकदा नुसतंच "सुटली" आलं आणि मी समजलो रांग. तिकडे त्याची चप्पल सुटली होती आणि तो मला नवीन चप्पल घेऊन ये म्हणून पुढचा मेसेज लिहीत होता.

हरवलेली माणसं ही दुसरी शाखा. पोरं लवकर सापडतात, कारण पोर रडतं आणि चार बायका जमतात. अवघड जातं ते म्हाताऱ्यांचं. एका वर्षी रात्री एक आजी आमच्या मंडपात आणून बसवली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत देवीच्या ओटीतला परत मिळालेला नारळ. मुलाची माणसं पुढे गेली, ही मागे राहिली. "आजी, गाव खंयचा?" म्हणून विचारलं तर गाव सांगितलं माहेरचं. ते गाव देवगड तालुक्यात, आणि ती आली होती डोंबिवलीहून. फोन नंबर बटव्यात चिठ्ठीवर होता, पण लागत नव्हता. मी मेसेज टाकला, माईकवर पुकारा केला आणि तिला खुर्ची दिली. कणकवलीची गाडी लागली. लोक धावले. आजी खुर्चीतून उठली आणि काठी आडवी धरून दारासमोर उभी राहिली. "आदी पोरवाल्यो बायको! मगे तुमी!" सगळा पुरुषवर्ग जागच्या जागी थांबला. जे माझ्या शिट्टीने होत नव्हतं ते तिच्या काठीने झालं. पुढच्या चार गाड्या तिने भरल्या. मुलगा घामाघूम होऊन शोधत आला, तेव्हा त्यालाही तिने आधी रांगेत उभा राहायला लावलं. जाताना मला म्हणाली, "रे झिला, तुझो आवाज लय बारीक."

पुढाऱ्यांबद्दल लिहिलं नाही तर लोक म्हणतील, कंट्रोलर घाबरला. तर, सगळ्या पक्षांचे येतात. मंत्री येतात, मुख्यमंत्री येतात, माजी येतात आणि होऊ घातलेलेही येतात. आलेल्याला देवी परत पाठवत नाही, तर आपण कोण? पण एक ताफा म्हणजे मागेपुढे दहा-पंधरा गाड्या, आणि तो येईपर्यंत रस्ता मोकळा ठेवायचा म्हणून आमच्या रिकाम्या गाड्या अलीकडे रोखलेल्या. रिकामी गाडी अडवली तर कोणाचं काय बिघडतं, असं पोलिसांना वाटतं. पण स्टँडवरची पाचशे माणसं त्याच रिकाम्या गाडीची वाट बघत असतात. एका वर्षी एका साहेबांचं भाषण लांबलं आणि स्टँडवर ओरडा सुरू झाला. मी माईकवर सरळ सांगितलं की गाड्या अमुक ठिकाणी थांबवल्या आहेत, रस्ता सुटला की येतील. लोक ओरडायचे थांबले. खोटं "पाच मिनिटांत गाडी येतेय" सांगण्यापेक्षा हे बरं. दुसऱ्या दिवशी मला त्यावरून बोलावून घेतलं होतं, ते वेगळं.

२०२१ साली कोरोनामुळे जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. २०२२ साली जत्रा होती, पण एस.टी.चा संप चालू होता. मी तेव्हा स्वतःच्या स्कूटरवरून गेलो, भाविक म्हणून. खाजगी टेम्पो, सहाआसनी रिक्षा, मागच्या फाळक्यावर लटकलेली माणसं, आणि भाडं तोंडाला येईल ते. रांगेत एका ओळखीच्या बाईने विचारलं, "कंट्रोलरानु, दर्शन झाला, आता घराक कसा जातलंव ता सांगा." माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. संपाचं बरोबर-चूक यावर इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि घरात अजून त्यावर वाद होतात.

मोठा बदल झाला तो २०२४ च्या जत्रेला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं होतं. त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. म्हणजे अर्ध्या तिकिटाची पहिली जत्रा २०२४ ची. पूर्वी वाडीतल्या दहा बायका मिळून सुमो ठरवायच्या, आणि सुमो म्हटली की घरातला एक पुरुष सोबत, म्हणजे निघायची वेळ त्याची. आता बायका आपल्या आपण येऊ लागल्या. रात्रीच्या गाडीनेही. स्टँडवर उभं राहून बघितलं की फरक डोळ्यांना दिसायचा: रांगेत निम्म्याहून जास्त बायका, हसणं-खिदळणं, पिशव्यांतून चुरमुऱ्याचे लाडू बाहेर. पंचाहत्तरीचे आजोबा आधारकार्ड हातात झेंड्यासारखं धरून उभे. शून्य रुपयांचं तिकीट का होईना, पण ते फाडून द्यावं लागतं, आणि "फुकट हा तर तिकीट कित्याक?" या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं.

त्यातूनच माझी जुनी तक्रार आणखी टोकदार झाली. बायका वाढल्या, पण स्टँडवर बायकांसाठी संडास पुरेसे नाहीत. देवळाच्या बाजूला फिरते संडास लागतात, तिथली व्यवस्था त्या मानाने बरी. स्टँडवर मात्र जागा कुठे, पाणी कुठून, साफ कोण करणार, या तीन प्रश्नांत विषय दरवर्षी संपायचा. ज्यांच्याकडे ते काम असायचं ते "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. शेतात अंधारात लांब जाणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागे टॉर्च धरून उभी असलेली एखादी पोर, हे मी दरवर्षी बघायचो. दर्शनाच्या रांगेवर हजार डोळे असतात. परतीच्या रांगेतली बाई तीन तास पाणी न पिता उभी आहे, हे कोणाच्या नकाशावर नसतं. पाण्याचा टँकर ठेवला तरी ती पाणी पीत नाही, कारण पुढची सोय नाही. उन्हाच्या दिवसांत चक्कर येऊन पडलेल्या बायकांना खुर्चीवर बसवून मी विचारायचो, आणि दर वेळी हेच कारण निघायचं.

लोक विचारतात, तिरुपतीसारखं का करत नाही? वेळ ठरवून द्या, टोकन द्या, बसायला हॉल बांधा. तिरुमलाला वर्षभर रोज माणूस असतो, तिथे इमारत बांधली तर ती रोज वापरली जाते. पंढरपुरातही आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपुरापर्यंत जाते, पण कार्तिकी आहे, माघी आहे, चैत्री आहे, रोजचं दर्शन आहे. आमच्याकडे दीड दिवस. तेवढ्यासाठी शेतात सिमेंट ओतलं तर कुळीथ कुठे पेरायचा? तात्पुरतं असणं हीच इथली सोय आहे, असं माझं मत. बांबू उभे करा, काढून ठेवा. फक्त त्या तात्पुरत्यात संडासही बसवा.

यंदा येणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. मोटार आणणार असाल तर दिलेल्या जागेतच लावा. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून रस्त्याच्या कडेला लावू नका, तुमच्या पाच मिनिटांमागे एस.टी.ची फेरी तासभर लांबते. जमत असेल तर मोडजत्रेला सकाळी या, देवी तीच आहे आणि चालायला जागा असते. घोळक्याने येत असाल तर हरवल्यावर कुठे भेटायचं ते गाडीतून उतरतानाच ठरवा, आणि "देवळाच्या दारात" असं ठरवू नका, तिथे सगळेच भेटत असतात. म्हाताऱ्या माणसाच्या बटव्यात नुसता फोन नंबर ठेवू नका, सोबत गावाचं आणि स्टँडचं नाव लिहा. माहेरचं नको, आता जिथे जायचंय त्या गावाचं. आणि रात्री धुरळ्यात सगळ्या लाल गाड्या सारख्या दिसतात, तेव्हा धावत दाराशी जाण्याआधी पाटी वाचा. मालवणची गाडी धरून बसलेले कुडाळचे लोक दरवर्षी निघतात, अर्ध्या वाटेत त्यांना कळतं, आणि मग ते कंडक्टरशी भांडतात.